नंतर दाखवतो

मी हात वर केला तेव्हा लोखंडे सरांचं बोलून झालं नव्हतं. फळ्यावर शेवटची ओळ लिहायची राहिली होती. खरं तर थांबायला काय हरकत होती? पण मला थांबायचंच नव्हतं.

"सर, ही मर्यादा चुकीची आहे," मी म्हणालो. "माझ्याकडे तिला मोडणारं उदाहरण आहे."

सेमिनारच्या खोलीत पंधरा-सोळा माणसं होती. पहिल्या रांगेत आमच्या मार्गदर्शक करंदीकर मॅडम, मागे आम्ही संशोधक विद्यार्थी, दोन बाहेरचे प्राध्यापक. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. त्या माना वळल्या त्याचं मला काय सुख झालं होतं, ते आजही आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. निरंजन पाध्ये, विभागातला सगळ्यात हुशार मुलगा, असं लोक म्हणायचे आणि मला ते आधीच पटलेलं होतं. लोखंडे सर एकोणचाळीस वर्षांचे. तालुक्याच्या गावात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे. तीन वर्षांची अभ्यासरजा काढून पीएचडी करायला आले होते. बायको आणि दोन मुली गावी, हे इथे वसतिगृहाच्या कोपऱ्यातल्या खोलीत. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो, आणि ते आमच्यातल्या पोरासोरांनाही अहो-जाहो करायचे. कॉम्प्युटरशी त्यांचं जमायचं नाही. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पुरवण्यांचा गठ्ठा त्यांनी गावाहून आणला होता, त्यांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने गणितं करायचे. खोडरबराचा चुरा कायम टेबलावर. आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करायचो, मी जरा जास्तच.

त्यांचा विषय असा होता. एखाद्या अणूसारख्या छोट्या व्यवस्थेत ऊर्जा साठलेली आहे आणि तिच्यातून आपल्याला काम काढून घ्यायचं आहे. ती व्यवस्था नेमकी कुठल्या अवस्थेत आहे हे पूर्ण माहीत असेल, तर जास्तीत जास्त काम काढता येतं. पण खऱ्या जगात तेवढं कोणाला माहीत असतं? आपली मोजणी जाडीभरडी. मग अर्धवट माहितीवर किती काम काढता येईल? लोखंडे सर ते आपल्या भाषेत सांगायचे. "तुकडीची सरासरी मला माहीत आहे, पण कुठल्या पोराला किती मार्क ते माहीत नाही. तेवढ्यावर मला पोरांची नवी रांग लावायची आहे. ती किती चांगली लागेल?" त्यावर त्यांनी एक मर्यादा सिद्ध केली होती. अमुक इतकीच माहिती असेल, तर अमुक याच्यावर काम निघणार नाही. अख्खा प्रबंध त्या एका निष्कर्षावर उभा होता. एकतीस मार्चला रजा संपत होती. त्याच्या आत प्रबंध दाखल झाला तर डॉक्टरेट, आणि गावच्या वरिष्ठ महाविद्यालयात जागा. नाही झाला तर परत बारावीचे वर्ग. रजा पुन्हा मिळणार नव्हती.

सेमिनार होता एकोणीस मार्चला.

आमच्या मॅडमची एक पद्धत होती. एकाने जोडायचं, दुसऱ्याने तोडायचं. कोणाचाही प्रबंध दाखल व्हायच्या आधी दुसऱ्या एका विद्यार्थ्याने पंधरा दिवस त्याचा निष्कर्ष मोडायचा प्रयत्न करायचा, तोही त्याची सिद्धता न बघता, आपल्या वाटेने. आणि या पद्धतीत एक नियम होता. तोडणाऱ्याला काही सापडलं, तर ते आधी जोडणाऱ्याच्या टेबलावर जाऊन सांगायचं. चहा पिता पिता, दोघांतच. लोकांसमोर नंतर.

लोखंडे सरांच्या वेळी तोडणारा मी होतो.

मी प्रोग्राम लिहिला. सहा पातळ्यांची एक व्यवस्था घेतली, तिची माहिती जाडीभरडी केली आणि तेवढ्या माहितीवर जास्तीत जास्त काम काढायला लावलं. लोखंडे सरांची मर्यादा म्हणत होती, शून्य पूर्णांक बेचाळीसच्या वर जाणार नाही. माझं उत्तर आलं शून्य पूर्णांक सत्तावन्न. हे सतरा तारखेला. त्यांचं टेबल माझ्यापासून बारा पावलांवर होतं. मी गेलो नाही. अठरा तारखेला त्यांनी स्वतः विचारलं, काही सापडलं का हो. मी म्हणालो, बघतोय अजून. मला ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं, दुसरं काही नाही.

तर मी उठून फळ्यापाशी गेलो, त्यांच्या हातून खडू घेतला आणि उदाहरण लिहिलं. खाली ०.५७ लिहून त्याभोवती गोल केला.

लोखंडे सरांनी तो आकडा वाचला. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"पाध्ये, काम काढणाऱ्याला तुमच्या प्रोग्राममध्ये नेमकं काय काय दिसतं?"

"जेवढं दिसायला पाहिजे तेवढंच, सर. जाडीभरडी माहिती."

"हे तपासलंय?"

"तपासलंय," मी म्हणालो. तपासलं नव्हतं. तपासायचं असतं हेही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी लिहिलेलं होतं ना!

त्यांच्या सिद्धतेत चौथी एक पायरी होती, ती त्यांनाच डाचत होती आणि मॅडमनाही. मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या की असं असेल तर आत्ता दाखल करता येणार नाही. लोखंडे सरांनी मान हलवली. म्हणाले, "पाध्येंनी तपासलंय म्हणतात, तर तसंच असणार." मग त्यांनी डस्टर घेतलं आणि आपली सगळी सिद्धता स्वतःच पुसली. माझा आकडा तेवढा ठेवला.

संध्याकाळी कँटीनमध्ये पोरांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मॅडमनी बोलावून सांगितलं की जर्मनीतल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना त्या माझ्याबद्दल कळवतायत, आणि हे उदाहरण नीट आलेख काढून लेखाच्या रूपात लिही. मी हवेत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो आलेख काढायला बसलो. कल्पना साधी होती. काम काढणाऱ्याची माहिती हळूहळू कमी करत न्यायची आणि निघणारं काम कसं उतरतं ते दाखवायचं. रेघ उतरती यायला हवी. माझी रेघ सपाट आली.

मी परत चालवलं. सपाट. माहिती निम्मी केली, पाव केली, शेवटी अगदी काहीच ठेवली नाही. तरी उत्तर आपलं सत्तावन्नच. ज्याला काहीच माहीत नाही, तो सगळं माहीत असलेल्याइतकंच काम काढत होता.

मी प्रोग्राम वरून खाली एकेक ओळ वाचत गेलो आणि एकशेबाराव्या ओळीवर थांबलो. काम काढणाऱ्याने कुठली क्रिया निवडायची, ते ठरवणारी ती ओळ. तिथे त्याला जाडीभरडी माहिती द्यायची होती. मी दिली होती पूर्ण अवस्था. दोन्हींची नावं मीच ठेवलेली, एका अक्षराच्या फरकाची, आणि नको ती उचलली गेली होती. परीक्षेच्या आधीच पेपर फुटल्यातला प्रकार. त्या काढणाऱ्याला जे दिसायलाच नको, ते सगळं मी त्याला आधीच दाखवून ठेवलं होतं.

ओळ दुरुस्त केली आणि चालवलं, रेघ उतरती आली. उत्तर आलं शून्य पूर्णांक एकेचाळीस. लोखंडे सरांच्या मर्यादेच्या आत, जेमतेम. आणखी वीस उदाहरणं घेतली, सगळी आत. मर्यादा बरोबर होती.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. तारीख वीस. हातात अकरा दिवस होते. बारा पावलं चालून जायचं, "सर, माझं चुकलं" म्हणायचं, मग दोघांनी मॅडमकडे जायचं. फार तर चार लोक हसले असते. फार तर मॅडमना जर्मनीला दुसरं पत्र लिहावं लागलं असतं. मी खुर्चीत बसून राहिलो. मनाशी म्हटलं, आधी पूर्ण खात्री करू. मग म्हटलं, सोमवारी सांगू, मॅडम तोवर शांत होतील. कारणं काय, हवी तेवढी सापडतात. पण खरं एकच होतं, ती वळलेली माणसं परत माझ्याकडे वळून हसलेली मला बघवली नसती.

साडेबाराला लोखंडे सर आले. हातात चहाचे दोन कागदी कप. एक माझ्यापुढे ठेवला.

"कमी साखरेचा आहे. तुम्हाला लागतो तसा."

मी पडद्यावरची खिडकी बंद केली. सपाट रेघ आणि उतरती रेघ, दोन्ही शेजारी शेजारी उघडी होती.

ते शेजारच्या स्टुलावर टेकले. रात्री झोपले नसावेत, डोळे लाल होते. पण आवाज नेहमीचाच, वर्गात एखाद्या पोराला विचारावं तसा.

"पाध्ये, तो प्रोग्राम जरा दाखवता का? मला त्यातलं सगळं कळणार नाही. पण तुम्ही शेजारी बसून एकेक ओळ सांगितलीत तर कळेल."

"आत्ता नको सर," मी म्हणालो. "मोठी गणना लावलीय त्यावर. दोन-तीन दिवस चालेल. नंतर दाखवतो."

"चालेल. नंतर दाखवा."

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. मी चहाच्या कपात बघत होतो. मग ते आपला कप घेऊन टेबलाकडे परत गेले. माझा चहा मी प्यायलो, सगळा. कमी साखरेचा, गरम, आलं घातलेला.

पुढचे दहा दिवस मी त्यांना टाळलं. लायब्ररीत बसलो, एकदा आजारी पडलो म्हणून सांगितलं. एकदा जिन्यात ते वर येताना दिसले तर मी वळून स्वच्छतागृहात शिरलो आणि पावलं निघून जाईपर्यंत आत उभा राहिलो. सव्वीस वर्षांचा घोडा, दाराला कान लावून. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. एकतीस तारखेला दुपारी माझ्या टेबलापाशी आले, खांद्याला शबनम, हातात पुरवण्यांचा बांधलेला गठ्ठा.

"येतो मग, पाध्ये."

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "संपर्कात राहा सर." ते दारापर्यंत गेले, दाराशी थोडे थांबले आणि वळून बघितलं. मला वाटलं काही विसरलं की काय. मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो. वर बघितलं तेव्हा ते गेले होते.

मे महिन्यात मी मॅडमना मोघम सांगितलं की त्या उदाहरणात गणनेचा काही घोळ वाटतोय, लेख नको करायला. त्या म्हणाल्या, बरं झालं छापलं नाही. मर्यादेचं काय, असं त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही. ऑगस्टमध्ये मी जर्मनीला गेलो. चारेक वर्षांनी तिकडच्याच एका गटाने तीच मर्यादा सिद्ध करून छापली. सिद्धता वेगळी, पण निष्कर्ष तोच. माझ्या पुढच्या लेखांमध्ये मला ती लागायची. मी दर वेळी त्या गटाचा संदर्भ नीट, नियमाप्रमाणे दिला. लोखंडे हे नाव द्यायला जागाच नव्हती, कारण त्यांचं काहीच छापलेलं नव्हतं. ती जागा मीच बुजवली होती.

मग मी परत आलो, प्राध्यापक झालो, टक्कल पडलं. मॅडम गेल्या. एकोणीस वर्षं झाली. मागच्या वर्षी कोणीतरी फोनवर एक निमंत्रणपत्रिका पाठवली. 'श्री. भास्कर लोखंडे सर यांचा सेवापूर्ती समारंभ.' श्री., डॉ. नव्हे. मी समारंभाला गेलो नाही, तेवढं धाडस नव्हतं. आठ दिवसांनी गेलो.

सरांचं घर गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत होतं. केस सगळे पांढरे, बाकी माणूस तोच. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला दारातूनच परत फिरावंसं वाटलं. "अहो, हे पाध्ये!" त्यांनी आत सांगितलं, "मी सांगायचो ना, ते पाध्ये!" वहिनी बाहेर आल्या, नमस्कार करून चहा टाकते म्हणाल्या. मी आणलेली शाल खुर्चीच्या हातावर तशीच राहिली. इकडचं तिकडचं पाच मिनिटं झालं आणि मला वाटलं, आता नाही बोललो तर मी आणखी एकोणीस वर्षं बोलणार नाही.

"सर, त्या सेमिनारमधला माझा आकडा चुकीचा होता."

"माहीत आहे," लोखंडे सर म्हणाले.

ते उठले आणि आतल्या खोलीतून एक फाईल घेऊन आले. पिवळी पडलेली पुरवणी, मागच्या बाजूने पेन्सिलीचं बारीक अक्षर. वर तारीख, वीस मार्च, पहाटे. माझंच उदाहरण होतं, सहा पातळ्या, आणि पूर्ण माहिती असेल तर किती काम निघेल याचं हाताने केलेलं गणित. तीन पानं. शेवटी उत्तर होतं ०.५७, खाली दोन रेघा. त्याखाली लिहिलं होतं, 'हा पूर्ण माहितीचा आकडा. पाध्येंना विचारणे.' आणि त्याच्याखाली, 'विचारलं. नंतर दाखवतो म्हणाले.'

मी ते वाचून खाली ठेवलं.

"मग तुम्ही मॅडमकडे का नाही गेलात?"

"काय सांगणार?" ते म्हणाले. "आकडा जुळतोय एवढंच होतं माझ्याकडे. प्रोग्राम तुमच्याकडे. योगायोग असला तर? अर्ध्या माहितीवर एका पोराचं नाव घ्यायचं, आणि तेही त्याचं परदेशी जायचं चाललेलं असताना? म्हटलं, हुशार आहेत, बघतील, कळेल त्यांना. मी एकतीस तारखेपर्यंत थांबलो."

ते हे सहज सांगत होते. त्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला, हात पुढे केला आणि विचारलं, "आणलाय का प्रोग्राम?"

आणला होता. जुन्या डिस्कवरून त्याची छापील प्रत काढून खिशात घडी करून ठेवली होती, घरून निघताना, का ते मलाही सांगता आलं नसतं. मी ती त्यांच्या हातात दिली. लोखंडे सरांनी टेबलावरची पेन्सिल घेतली आणि ओळीवर टेकवत टेकवत खाली येऊ लागले. मधे मधे मला विचारायचे, हे काय, ही कशाची खूण, मी सांगायचो. त्या दिवशी त्यांनी म्हटलं होतं अगदी तसंच, मी शेजारी बसून, एकेक ओळ. दहाएक मिनिटं लागली असतील. एकशेबाराव्या ओळीवर पेन्सिल थांबली.

"इथे. पूर्ण अवस्था गेली आत."

"हो."

"म्हणजे पेपर फुटला होता!" आणि ते हसले, मोकळं, मनापासून. गणित सुटल्यावर माणूस हसतो तसं. "हेच वाटलं होतं मला. बघा, एवढीशी चूक. असं होतं हो, कोणाचंही होतं." त्यांनी त्या ओळीवर हलकी खूण केली. "तुम्हाला कधी सापडली? तिकडे जर्मनीला गेल्यावर, ना?"

त्यांनी ते आधीच ठरवून ठेवलं होतं. एकोणीस वर्षं ते तसंच धरून चालले होते, की पाध्येंना वेळ झाला नसेल, गडबडीत राहिलं असेल, मग पुढे कधीतरी लक्षात आलं असेल तेव्हा काय उपयोग. मला फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर. त्यांनाही बरं वाटलं असतं आणि मलाही.

"नाही सर," मी म्हणालो. "वीस मार्चलाच. तुम्ही चहा घेऊन आलात ना, त्याच्या तासभर आधी."

हसू त्यांच्या चेहऱ्यावर तसंच थोडा वेळ राहिलं. मग त्यांनी हातातल्या कागदाकडे बघितलं, मग टेबलावरच्या पुरवणीकडे, जिथे पेन्सिलीने 'नंतर दाखवतो म्हणाले' लिहिलं होतं.

"आधी," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. पेन्सिल घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेली, त्यांनी ती धरली नाही.

आतून वहिनींनी विचारलं, "अहो, पाहुण्यांना साखर किती?"

लोखंडे सरांना ते माहीत होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. वहिनींनी पुन्हा विचारलं, तेव्हा मीच आत सांगितलं, कमी घाला म्हणून.